ऑइल फिल्टर बदलताना: एक रबरी रिंग आणि पाऊण फेरा

छोट्या पेट्रोल गाडीचा ऑइल फिल्टर बदलायला फार ताकद लागत नाही आणि फार अक्कलही लागत नाही. लागतो तो धीर. जुनं तेल खालून सोडून द्यायचं, फिल्टरचा डबा फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा, ताजं तेल ओतायचं, संपलं. पहिल्या खेपेला दोन तास जातील, चौथ्या खेपेला तासाभरात हात धुऊन मोकळे व्हाल. तरीही याच कामात लोक इंजिन गमावून बसतात. चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते, फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या रबरी रिंगपाशी. एक तर ती जास्त आवळली जाते, नाहीतर जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहते. म्हणून या लेखात त्या रिंगवर जरा जास्तच वेळ घालवणार आहे.

डब्याच्या आत काय असतं

नवा फिल्टर हातात घेऊन तोंडाकडून बघा. मध्यभागी आटे असलेलं एक मोठं भोक आणि त्याच्या भोवती गोलाकार सहा-आठ लहान भोकं दिसतील. पंपाने ढकललेलं तेल या लहान भोकांतून आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत झिरपतं आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनच्या बेअरिंगांकडे जातं. लहान भोकं म्हणजे मळकी बाजू आणि मधलं भोक म्हणजे स्वच्छ बाजू, एवढं लक्षात ठेवा. पुढे याचा उपयोग आहे.

लहान भोकांतून डोकावलं तर आत रबराचा एक पडदा दिसतो. इंजिन बंद झालं की डब्यातलं तेल मागच्या मागे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरू नये म्हणून तो असतो. हा पडदा कडक झाला किंवा चिरला की सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, कारण तेवढा वेळ पंप रिकामा डबा भरत बसलेला असतो. दुसरी गोष्ट बाहेरून सहसा दिसत नाही. ती म्हणजे स्प्रिंगवर बसलेला बायपास व्हॉल्व्ह. कागद घाणीने तुंबला किंवा थंडीत तेल फार घट्ट असलं, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे सोडतो. तेल अजिबात न मिळण्यापेक्षा मळकं तेल मिळालेलं बरं, असा त्यामागचा हिशेब. पण याचा अर्थ असाही होतो की फिल्टर तुंबला तरी डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागत नाही. गाडी नेहमीसारखी चालते आणि बेअरिंगं गुपचूप झिजत राहतात.

मोटारींना सुरुवातीच्या काळात असा फिल्टर नसायचाच. १९२३मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर तयार केला. त्याआधी तेल वरचेवर बदलत राहणं हाच मुख्य उपाय होता.

एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. तेल काळं पडलं म्हणजे फिल्टर गेला, असं नाही. साधारण फिल्टर २०-३० मायक्रॉनच्या वरचे कण नीट अडवतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. तेलाला काळं करणारी काजळी याहून कितीतरी बारीक असते आणि कागदातून आरामात निसटते. त्यामुळे रंगावर जाऊ नका, किलोमीटर आणि महिन्यांवर जा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. तुमची गाडी रोज दोन-चार किलोमीटरच जात असेल, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आतच बंद होत असेल, तर ही मुदत निम्मी धरा. न तापलेल्या इंजिनात पेट्रोल आणि पाण्याचा अंश तेलात उतरतो आणि तो उडून जायला संधीच मिळत नाही.

सामान जमवताना

फिल्टर गाडीच्या मॉडेल आणि इंजिनप्रमाणे, पार्ट नंबर जुळवूनच घ्या. ‘दिसायला तसाच आहे, बसेल’ हे वाक्य फार महागात पडतं. छोट्या गाड्यांत दोन मापांचे आटे जास्त दिसतात: २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराचे, आणि पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६ आटे असलेले. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. म्हणजे २० मिलिमीटरचा फिल्टर इंजिनवरच्या पाऊण इंची आट्यांच्या खुंटावर ढिला ढिला का होईना, चढतो. शेवटी रिंग टेकली की आवळल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड निम्मीसुद्धा नसते. थंड इंजिनात तेलाचा दाब ४-५ बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास दुप्पट. असा फिल्टर रस्त्यात निखळला तर काय होईल, हे सांगायला नको. नवा फिल्टर जुन्याशेजारी ठेवून रिंगचा व्यासही ताडून बघा.

तेलाचा ग्रेड पुस्तिकेतला घ्यायचा. आजच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. ‘घट्ट तेल चांगलं’ ही जुन्या इंजिनांच्या जमान्यातली समजूत. नव्या इंजिनातल्या बारीक वाटा पातळ तेलासाठीच आखलेल्या असतात. तेल साधारण ३ ते साडेतीन लिटर लागतं. पुस्तिकेत कधी कधी दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. आपल्याला पहिला हवा. दोन्हींत २००-३०० मिलीचा फरक असतो, तेवढं तेल फिल्टरच्या पोटात मावतं.

ड्रेन नटाचा, म्हणजे चेंबरच्या तळाशी तेल सोडायला असलेल्या नटाचा, वायसर नवा घ्या. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वायसर आवळताना चेपला जातो आणि त्या चेपण्यानेच गळती थांबते. एकदा चेपलेला वायसर दुसऱ्यांदा तसा चेपत नाही. इतकी लहानशी वस्तू वाचवण्यात काही शहाणपण नाही.

बाकी सामान असं: ड्रेन नटाच्या मापाचा रिंग पाना (बऱ्याच गाड्यांना १४ किंवा १७ नंबर), फिल्टरवर टोपीसारखा बसणारा पाना, पाच-सहा लिटरचं पसरट भांडं, नरसाळं, रबरी हातमोजे, सुती फडकी, टॉर्च आणि एक मार्कर पेन. टोपी पाना फिल्टरच्या मापाचाच हवा. तो नसेल तर पट्ट्याचा पानाही चालतो, पण अडचणीच्या जागी त्याला फिरायला वाव मिळत नाही.

गाडी उचलण्याबद्दल

इथे मी विनोद करत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. स्टँड हवेत, नाहीतर पुढची चाकं चढवता येतील असे रॅम्प. जमीन सपाट आणि टणक पाहिजे. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये) आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. विटा स्टँड म्हणून वापरू नका, त्या काही इशारा न देता फुटतात. खाली शिरण्याआधी गाडीला बाहेरून दोन्ही हातांनी चांगला हिसका द्या. हलायची असेल तर ती तुम्ही बाहेर असतानाच हललेली बरी.

काही गाड्यांना खालून प्लॅस्टिकचा पत्रा असतो. त्याच्या क्लिपा जुन्या झाल्या की काढताना तुटतात. चार-पाच जादा आणून ठेवल्या तर बरं.

जुनं तेल सोडणं

इंजिन तीन ते पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा. कोमट तेल पटकन वाहतं आणि तळाचा गाळही सोबत घेऊन येतं. गाडी नुकतीच लांबून आली असेल, तर मात्र तासभर थांबा. तेव्हा तेल १०० अंशांच्या आसपास असू शकतं आणि ते थेट मनगटावर येतं. सायलेन्सरकडे जाणारा पाइपही शेजारीच असतो.

बॉनेट उघडून तेल भरायचं झाकण सैल करा, म्हणजे आत हवा जाऊन तेल सलग वाहील. मग खाली जाऊन ड्रेन नट शोधा. हे वाक्य साधं वाटतं, पण छोट्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी असतात आणि दोघांनाही खाली नट असतो. इंजिनचा समजून गिअरबॉक्सचं तेल सोडून देणारे आणि वरून इंजिनमध्ये आणखी साडेतीन लिटर ओतणारे महाभाग प्रत्येक मेकॅनिकने पाहिलेले आहेत. इंजिनचं चेंबर फिरणाऱ्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) बाजूला असतं. चाकांकडे जाणारे दांडे ज्या खोक्यातून निघतात तो गिअरबॉक्स. शंका असेल तर पुस्तिकेतलं चित्र बघा. तरीही सोडलेल्या तेलाचा वास आणि रंग डिपस्टिकवरच्या (इंजिनमधलं तेल मोजायच्या पट्टीवरच्या) तेलापेक्षा वेगळा वाटला तर तिथेच थांबा.

नट पान्याने सैल करून पुढे बोटांनी फिरवा. फिरवताना तो आतल्या बाजूला दाबून धरायचा. आटे संपल्याचं बोटांना कळतं. मग एका झटक्यात हात बाजूला. दाबून न धरता हळूहळू सोडत बसलात तर तेल कोपरापर्यंत ओघळतं आणि नट भांड्यात पडतो. तेलाची धार सुरुवातीला तिरकी, वीतभर लांब पडते आणि जोर कमी झाला की सरळ खाली येते. भांडं त्या हिशेबाने ठेवा आणि मधे एकदा सरकवा.

धार संपून थेंब पडायला लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात तेल जरा निरखून बघा. टॉर्चच्या उजेडात किंचित चकाकी दिसली तर फार घाबरायचं कारण नाही, पण बोटांना खर लागेल असे धातूचे तुकडे दिसले तर गाडी मेकॅनिकला दाखवा. तेल पांढरट, दुधाळ असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि तेल पाण्यासारखं पातळ लागत असेल तर तेही तपासून घ्यायला हवं.

आता नवा वायसर घालून नट परत लावून टाका. फिल्टर काढण्याआधीच लावा. ‘नंतर लावू’ म्हणून राहिलेला नट आठवतो तो वरून ओतलेलं ताजं तेल पायाशी आल्यावर. आवळण्याचं माप गाडीगणिक बदलतं, छोट्या गाड्यांत साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असेल तर पुस्तिकेतला आकडा लावा. नसेल तर नेहमीच्या लांबीच्या पान्याने, एका हाताने, वायसर चेपल्याचं जाणवेपर्यंत. त्यापुढे पान्यावर अंगाचं वजन टाकू नका. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे बघता बघता सोलून निघतात, आणि मग अख्खं चेंबर बदलायची पाळी येते.

जुना फिल्टर

फिल्टर कुठे असतो, याला नियम नाही. काही इंजिनांत पुढच्या बाजूला हाताला येईल असा, काहींत इंजिन आणि गाडीच्या आतल्या भिंतीच्या सांदीत, तर काहींत थेट खाली लटकलेला. भांडं त्याच्या खाली सरकवा. फिल्टर आडवा असेल तर काढताना तेल इंजिनवरून ओघळणार, हे गृहीत धरा. एक प्लॅस्टिकची पिशवी फिल्टरवर मोज्यासारखी चढवून पिशवीच्या बाहेरूनच तो फिरवला तर सांडणारं तेल पिशवीत राहतं. ही युक्ती फार कामाची आहे.

गाडीखाली उताणं पडून, मान वाकडी करून हात वर घातला की उजवं-डावं हमखास गोंधळतं. डोळे मिटून बरणीचं झाकण आठवा. फिल्टरचा बंद बूड तुमच्याकडे आहे असं समजून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. आधी हाताने बघा. सुटत नसेल तर टोपी पाना. पाना सरकत असेल तर फिल्टरवर पॉलिश पेपरचा तुकडा, खरखरीत बाजू डब्याकडे करून, गुंडाळा आणि मग पट्टा लावा.

फिल्टरच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर ठोकून तो दांड्यासारखा फिरवायचा, असा एक जुना उपाय अनेकजण सांगतील. मी तो एकदाच केला. पत्रा कागदासारखा फाटला, डबा तिथेच राहिला, आणि आता पाना धरायलाही नीट जागा उरली नव्हती. अगदी नाइलाज असेल तरच ठोका, आणि ठोकायचाच तर तोंडाजवळच्या जाड भागाला, मात्र आतला खुंट सांभाळून.

अर्धा फेरा सैल झाला की थांबा. दोन-तीन मिनिटं तेल निथळू द्या, मग पूर्ण सोडा आणि तोंड वर करून खाली घ्या.

आता ती रिंग

फिल्टर हातात आला की त्याचं तोंड बघा. काळी रबरी रिंग खाचेत आहे का? असेल तर उत्तम. नसेल तर ती इंजिनला चिकटली आहे.

मी पहिल्यांदा फिल्टर बदलला तेव्हा हे बघितलंच नव्हतं. जुनी रिंग तेलाने आणि उष्णतेने इंजिनच्या बैठकीवर, म्हणजे फिल्टर टेकतो त्या सपाट जागेवर, इतकी सपाट चिकटली होती की काळ्या धातूचाच भाग वाटावी. तिच्यावर नवा फिल्टर, त्याची नवी रिंग, पाऊण फेरा, सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. इंजिन सुरू केलं, ऑइलचा दिवा विझला, मी खूश. साधारण दहा सेकंदांनी गाडीखालून फडफड असा आवाज आला. वाकून बघतो तर दोन रिंगांच्या मधून तेलाचा पडदाच बाहेर पडत होता. धावत जाऊन चावी फिरवेपर्यंत नव्या तेलातलं निम्मं जमिनीवर. इंजिन वाचलं ते केवळ मी गाडीशेजारी उभा होतो म्हणून. तेव्हापासून जुनी रिंग डोळ्यांनी बघून, बोटाने चाचपून, कट्ट्यावर वेगळी काढून ठेवल्याशिवाय मी नव्या फिल्टरला हात लावत नाही.

रबरावर रबर नीट बसत नाही, यात गूढ काही नाही. फिल्टरच्या रिंगला खाचेचा आधार असतो, बैठकीवर राहिलेल्या रिंगला काहीच नसतो. दाब आला की ती बाजूला सरकते. इंजिन निवांत चालू असताना कदाचित टिकेल, पण ॲक्सिलरेटर दाबला की फुटते. म्हणून ही चूक घराच्या दारात न दिसता रस्त्यात दिसू शकते, आणि तेव्हा हातात फार थोडे क्षण असतात.

बैठक सुती फडक्याने गोल पुसून घ्या. फडक्याचे धागे मागे राहायला नकोत. टॉर्च लावून बघा, बोट फिरवा, कुठे खर किंवा उंचवटा लागतोय का. मधला आट्यांचा खुंट जागेवर आहे ना, तेही पाहा. कधी कधी तो जुन्या फिल्टरबरोबर सुटून येतो आणि आपण तसाच टाकून देतो.

नवा बसवताना

नव्या फिल्टरच्या तोंडावरचं प्लॅस्टिक काढा (हसू नका, ते राहिलेलं मी पाहिलंय). आत एखादा कण किंवा पत्र्याचा किस आहे का बघा. मग ताज्या तेलात बोट बुडवून रिंगवर सगळीकडून फिरवा. थेंबभर तेल पुरे, ग्रीस नको. कोरडी रिंग बैठकीवर घासत, मुरडत जाते. हाताला वाटतं घट्ट झाली, पण ती वाकडी बसलेली असते. आणि पुढच्या खेपेला इंजिनला चिकटते ती हीच.

फिल्टर आधी तेलाने भरावा का, यावर वाद आहेत. फिल्टर खाली लटकणारा, तोंड वर असणारा असेल तर मी निम्मा भरतो. सुरुवातीचे एक-दोन सेकंद वाचतात. आडवा असेल तर भरलेलं सगळं आपल्याच बाहीवर येतं, तेव्हा त्या भानगडीत पडत नाही. भरायचाच असेल तर कडेच्या लहान भोकांतून, हळूहळू. मधल्या भोकातून ओतलेलं तेल कागदातून न जाता सरळ बेअरिंगांकडे जातं, आणि ओतताना त्यात पडलेला कचराही.

फिल्टर खुंटावर टेकवून हाताने फिरवा. दोन-तीन फेरे तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. पहिल्याच फेऱ्याला अडला तर आटे तिरके बसताहेत. जोर न लावता उलटा फिरवा, सरळ धरा, पुन्हा सुरू करा. रिंग बैठकीला टेकली की हाताला एकदम फरक जाणवतो. तिथे थांबा. मार्करने डब्यावर समोरच एक रेघ मारा. आता त्या रेघेपासून पाऊण फेरा. फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर वेगळं माप छापलेलं असेल, कुठे दोन तृतीयांश, कुठे पूर्ण एक, तर ते प्रमाण माना. हा फेरा हातानेच द्यायचा. हात तेलकट असेल तर मोजा पुसा. जागा अडचणीची असेल तर टोपी पाना चढवून तो नुसत्या हाताने फिरवा, दांडा न लावता.

‘सुटला तर?’ या भीतीने अजून थोडा, अजून थोडा असं करत लोक फिल्टर आवळत राहतात. पण फिल्टरला जागेवर धरतो तो जोर दाबलेल्या रबराच्या उलट रेट्यातून येतो. रिंग ठरलेली चेपली की आटे आपोआप ताणाखाली राहतात आणि इंजिनच्या थरथरीने डबा सुटत नाही. त्यापुढे आवळलं की रिंग खाचेबाहेर फुगते आणि वर्षभर तापून तिथेच चिकटते. पुढच्या खेपेला स्क्रू ड्रायव्हर ठोकायची वेळ येते ती यामुळेच. एकदा गॅरेजमधून सर्व्हिस करून आणलेल्या माझ्या गाडीचा फिल्टर सोडायला अख्खी दुपार गेली होती. कुणीतरी तो पान्याने, मनापासून आवळला होता.

काही नव्या गाड्यांत डब्याऐवजी नुसता कागदी फिल्टर आणि त्यावर प्लॅस्टिकचं किंवा धातूचं कायमचं झाकण असतं. तिथेही गोष्ट तीच, फक्त रिंग झाकणावरच्या खाचेत बसते. जुनी रिंग लाकडी काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने खाच ओरखडली तर गळती कायमची मागे लागते. झाकणावर एकाहून जास्त खाचा दिसल्या तर जुनी रिंग जिथे होती त्याच खाचेत नवी, तेल लावून. शक्य तर काढण्याआधीच फोटो काढून ठेवा. झाकण आवळण्याचं माप बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं, बऱ्याचदा २५ न्यूटन-मीटर. प्लॅस्टिकचं झाकण त्यापुढे तडकतं.

तेल भरणं आणि पहिली सुरुवात

एकूण तेलाच्या साधारण ८० टक्के तेल नरसाळ्याने ओता. पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून बुडवा आणि बघा. खालच्या खुणेच्या वर आलं की तूर्त पुरे. झाकण लावा, भांडं आणि हत्यारं बाजूला करा.

आता शक्यतो दोन माणसं हवीत. एक चावीवर, एक टॉर्च घेऊन फिल्टरकडे बघत. इंजिन सुरू करा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा दोन-चार सेकंद जास्त लागून विझेल, कारण फिल्टर भरायचा असतो. दहा सेकंदांतही विझला नाही तर लगेच इंजिन बंद करा आणि कारण शोधा. विझला तर मिनिटभर चालू द्या. फिल्टरच्या तोंडाशी आणि ड्रेन नटापाशी एकही नवा थेंब यायला नको. आला तर आधी बंद, मग विचार.

बंद करून पाच-दहा मिनिटांनी, गाडी सपाट जमिनीवर उतरवून, पुन्हा डिपस्टिक बघा. फिल्टरने तेल पिऊन घेतलेलं असल्यामुळे पातळी थोडी उतरलेली दिसेल. आता थोडं थोडं ओतत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून ठेवा. दोन खुणांमध्ये साधारण पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं, म्हणजे पाव लिटरने बराच फरक पडतो. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. तेल फार झालं तर क्रँक (इंजिनचा फिरता मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. ओतताना सांडलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर उद्या धुराचा वास आला की उगाच धसका बसेल.

पाच-सात किलोमीटरची एक फेरी मारून या आणि पुन्हा खाली वाकून बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर काम नीट झालं. एखादा डाग असेल तर तो फिल्टरच्या खाली आहे की नटाच्या, एवढं पुठ्ठाच सांगतो. पुसायचं राहिलेलं तेलही ठिबकू शकतं, म्हणून पुसून दुसरा पुठ्ठा लावा आणि मगच निष्कर्ष काढा. फिल्टरच्या बुडावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. डॅशबोर्डवर सर्व्हिसची आठवण देणारी खूण असेल तर ती पुस्तिकेप्रमाणे शून्यावर आणा.

तेल न बदलता फक्त फिल्टर बदलावा लागला, म्हणजे दगड लागून डबा चेपला किंवा तोंडाशी गळती लागली, तर तसंही चालतं. ड्रेन नटाला हात न लावता फिल्टर बदला आणि गेलेलं पाव-अर्धा लिटर तेल त्याच ग्रेडचं घाला. उलट करायला, म्हणजे नवं तेल घालून जुना फिल्टर ठेवायला, मात्र माझा विरोध आहे. जुन्या डब्यातलं मळकं तेल पहिल्याच मिनिटाला नव्यात मिसळतं.

जुन्याची विल्हेवाट

वापरलेल्या तेलात कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारी द्रव्यं असतात. हातमोजे म्हणूनच, आणि तेलकट फडकं खिशात कोंबायचं नाही तेही म्हणूनच. तेल गटारात, मातीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. रिकाम्या झालेल्या तेलाच्या कॅनमध्येच ते भरा, झाकण घट्ट लावा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे किंवा ते स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्या. त्यात पेट्रोल, रॉकेल, कूलंट असलं काही मिसळू देऊ नका, नाहीतर त्या तेलावर पुन्हा प्रक्रिया करता येत नाही.

जुना फिल्टर तोंड खाली करून भांड्यावर रात्रभर, निदान बारा तास, निथळत ठेवा. चहाचा कपभर तेल त्यातून सहज निघतं. हौस असेल तर त्यानंतर पत्रा कापणाऱ्या कात्रीने डबा तोंडाजवळ गोल कापून आतला कागद काढा. करवत वापरू नका, तिचा किसच कागदावर पडतो आणि इंजिन झिजल्याचा भास होतो. घड्या एकेक करून उलगडा, उजेडात तिरक्या धरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. काळपट, मऊ, चिखलासारखा थर असेल तर ते वर्षभराचं नेहमीचं साचणं. चुंबकाबरोबर सरकणारी बारीक पूड थोडी असेल तर तीही चालते. पण घड्यांच्या खोबणीत टोचतील असे किंवा तांबूस-पिवळे चकचकीत कण सापडले, तर कागदाचा तो तुकडा नीट गुंडाळून मेकॅनिककडे घेऊन जा.